मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातील लढाया वर्गात शिकवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

सातवीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक विसंगती वारंवार आढळते. रायगड कोणी घेतला, जिंजी कधी पडली, सातारा कोणाच्या हाती गेला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरोबर असतात आणि तिन्हींत मोगल जिंकलेले असतात. त्याच विद्यार्थ्याने पुढच्याच उत्तरात "अखेर औरंगजेबाला अपयश आले" असे लिहिलेले असते, आणि या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो हा प्रश्न त्याला पडलेला नसतो. दोष विद्यार्थ्याचा नाही. १६८१ ते १७०७ हे युद्ध आपण लढायांची माळ म्हणून शिकवतो, प्रत्येक मण्यापुढे सन आणि हार-जीत लिहून देतो, आणि माळेचा दोरा म्हणजे रसद, अंतर, पैसा आणि पाऊस मात्र फळ्यावर येतच नाही.

पुढील क्रम ३५ मिनिटांच्या सहा तासिकांसाठी आणि पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी आखलेला आहे. तासिका कमी असतील तर कोणते टप्पे गाळावेत हे त्या-त्या ठिकाणी सांगितले आहे. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यात केलेल्या कामावर उभा आहे.

## पूर्वतयारी

### १. आधी एक प्रश्न ठरवावा

संपूर्ण घटकासाठी एकच प्रश्न पुरतो: औरंगजेबाने एकामागून एक किल्ले घेतले, तरीही त्याला हे युद्ध संपवता का आले नाही? हा प्रश्न पहिल्या दिवशी कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा आणि सहाव्या तासिकेपर्यंत काढू नये. ज्या लढाईतून या प्रश्नाच्या उत्तराला काहीच मिळत नाही, ती कितीही रोमहर्षक असली तरी या सहा तासिकांत घेऊ नये. शिक्षकाला खरी अडचण इथेच येते, कारण सांगण्यासारखे प्रसंग या काळात भरपूर आहेत आणि चांगले सांगता येणाऱ्या शिक्षकाला त्यांचा मोह अधिक होतो.

### २. लढाया चारच निवडाव्यात

माझी निवड अशी आहे: रायगड (१६८९) आणि त्याला जोडून जिंजी (१६९० ते १६९८), दोड्डेरी (१६९५), सातारा (१६९९-१७००) आणि विशाळगड (१७०१-०२). यांत किल्ल्याचे वेढे आहेत, मैदानात शत्रूला कोंडून मारलेला छापा आहे, आणि एक अशी मोहीमही आहे जिच्यात किल्ला मिळाल्यानंतरच घेणाऱ्याचे खरे नुकसान झाले.

रामसेज मी मुद्दाम मुख्य यादीत घेतलेला नाही. १६८२ मध्ये सुरू झालेला तो वेढा मोगलांना वर्षानुवर्षे पुरून उरला हे खरे. पण गडावरील माणसांची संख्या, मोगल फौजेची संख्या आणि वेढ्याचा नेमका काळ याविषयी छापील मजकुरांत इतकी तफावत आहे की वर्गाचा वेळ आकड्यांच्या वादात जातो. नाशिक परिसरातील शाळांनी मात्र तो अवश्य घ्यावा. गड डोळ्यांसमोर असेल तर त्याच्या जागी दुसरे काही घेणे वेडेपणाचे ठरेल. गोव्यातील आणि सिंधुदुर्गातील शाळांनी त्याच न्यायाने १६८३ चा फोंड्याचा वेढा घ्यावा, कारण संभाजी महाराजांना मोगलांबरोबर पोर्तुगीजांशीही लढावे लागले, हे त्या भागातील मुलांना फोंड्याच्या नावावरून लगेच समजते.

### ३. नकाशा स्वतः एकदा भरून पाहावा

दक्षिण भारताचा आराखडा नकाशा घ्यावा. महाराष्ट्राचा नकाशा चालणार नाही, कारण त्यात जिंजी बसत नाही आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच निसटते. नकाशावर आजच्या राज्यांच्या सीमा नसाव्यात. नद्या, सह्याद्री आणि घाट असावेत. वर्गाच्या आदल्या दिवशी शिक्षकाने पुढील ठिकाणे स्वतः नोंदवून पाहावीत: बुऱ्हाणपूर, औरंगाबाद, अहमदनगर, रायगड, पन्हाळा, विशाळगड, सातारा, भीमेकाठची ब्रह्मपुरी, विजापूर, गोवळकोंडा, आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातील दोड्डेरी, आणि तमिळनाडूतील वेल्लोर व जिंजी. ब्रह्मपुरी सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याजवळ आहे. औरंगजेबाची मुख्य छावणी १६९५ ते १६९९ या काळात तिथे होती, आणि तरीही हे ठिकाण बहुतेक भिंतीवरच्या नकाशांत सापडत नाही.

### ४. तारखांचा घोळ आधीच मिटवावा

औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख एका पुस्तकात २० फेब्रुवारी १७०७ आणि दुसऱ्यात ३ मार्च १७०७ अशी मिळते. दोन्ही बरोबर आहेत. पहिली जुन्या ज्यूलियन पंचांगाची आहे, दुसरी आज वापरात असलेल्या ग्रेगोरियन पंचांगाची, आणि अठराव्या शतकात दोहोंमध्ये अकरा दिवसांचा फरक होता. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने पंचांग वापरले आणि अनेक जुन्या इतिहासग्रंथांनी तीच पद्धत ठेवली. वर्गात शक्यतो महिना आणि सनच वापरावा. दिवस सांगायचाच असेल तर सर्व तारखा एकाच पंचांगातून घ्याव्यात.

सावधान. आंतरजालावरून उचललेल्या तक्त्यांत दोन्ही पंचांगे बेमालूम मिसळलेली असतात. त्यामुळे एखादा सरदार निरोप मिळण्याआधीच निघाल्याचे दिसते, आणि हुशार विद्यार्थी ते नेमके पकडतात.

### ५. साहित्य गोळा करावे

प्रत्येक सहा-सात विद्यार्थ्यांच्या गटामागे एक आराखडा नकाशा, दोन रंगांचा शिवणाचा दोरा, डिंक आणि एक मोजपट्टी लागेल. सातारा वेढ्याच्या खेळासाठी सव्वाशे चिंचोके (थोडे हरवतात, म्हणून जास्त ठेवावेत) आणि नऊ चिठ्ठ्या लागतील. याशिवाय प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत चार रकान्यांचा तक्ता आधीच आखून घ्यावा. रकान्यांची शीर्षके अशी असावीत: "कोणाला काय हवे होते", "कोणाकडे काय होते", "काय घडले", "महिन्याभराने काय बदलले होते". हार-जीत असा रकाना त्यात ठेवायचा नाही.

## वर्गातील टप्पे

### ६. पहिली तासिका: नकाशा आणि अंतरे

सुरुवात संभाजी महाराजांच्या हत्येपासून करू नये. तिथून सुरुवात केली की वर्ग हळहळ आणि संताप यांत अडकतो आणि पुढची पाच तासिका त्याच मनःस्थितीत जातात. सुरुवात १६८१ च्या नकाशावरून करावी: औरंगजेब नोव्हेंबर १६८१ मध्ये बुऱ्हाणपुरास पोहोचला, १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा त्याने घेतले. गटांनी एका रंगाचा दोरा या मार्गावर चिकटवावा. आता वर्गाला विचारावे की, दोन मोठ्या सल्तनती सहा वर्षांत बुडवणाऱ्या बादशहाला पुढचे काम किती वर्षांचे वाटले असेल? मुले दोन-तीन वर्षे म्हणतात. ते उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

त्यानंतर १६८९ सांगावे. फेब्रुवारीत संगमेश्वर येथे संभाजी महाराज पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. राजाराम महाराज एप्रिलमध्ये रायगडावरून निसटले, नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या ताब्यात गेले. हत्येचा प्रसंग दोन वाक्यांत, त्याचे गांभीर्य राखून सांगावा आणि पुढे जावे. बारा वर्षांच्या मुलांसमोर छळाची वर्णने केल्याने या युद्धाविषयी त्यांना अधिक काही कळत नाही.

मग दुसऱ्या रंगाचा दोरा रायगडापासून जिंजीपर्यंत ताणावा. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ९०० किलोमीटर भरते, आणि प्रत्यक्ष वाट त्याहून कितीतरी लांब होती. राजधानी गेली तरी राज्य का गेले नाही, याचे पहिले उत्तर या दोऱ्यात आहे: राजाराम महाराज जिंजीला पोहोचले, राजा आणि राजधानी दोन्ही तिथे उभी राहिली, आणि मोगलांना आता दोन आघाड्यांवर फौज, पैसा आणि धान्य पुरवावे लागले.

तपासणी. तासिका संपताना प्रत्येक गटाने ब्रह्मपुरी ते जिंजी हे अंतर मोजून सांगावे. उत्तर सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास यायला हवे. ज्या गटाचे उत्तर २०० येते त्याने प्रमाण चुकवलेले आहे. ते त्याच दिवशी दुरुस्त करावे, कारण पुढचे सगळे युक्तिवाद याच अंतरावर चालणार आहेत.

### ७. दुसरी तासिका: जिंजी

जिंजीच्या वेढ्यासाठी मोगल सेनानी झुल्फिकारखान १६९० मध्ये पोहोचला आणि किल्ला त्याच्या हाती १६९८ च्या आरंभी आला. इतका काळ वेढा चालला असे सांगितले की मुलांच्या डोळ्यांसमोर आठ वर्षे चोवीस तास तोफा चालल्याचे चित्र उभे राहते. ते पुसणे हे या तासिकेचे पहिले काम आहे.

तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट असा किल्ल्याचा साधा आराखडा फळ्यावर काढावा. मग वर्गाला सांगावे की एवढ्या मोठ्या घेराला सर्व बाजूंनी मिठी मारण्याइतकी फौज मोगलांकडे तिथे नव्हती, त्यामुळे किल्ल्यात माणसे आणि धान्य येत-जात राहिले. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव कर्नाटकात (म्हणजे तेव्हाच्या अर्थाने जिंजीच्या तमिळ मुलखात) उतरले तेव्हा वेढा घालणारेच कोंडले गेले. संताजींनी मोगल सरदार अलीमर्दानखानाला कावेरीपाकजवळ पकडले. बादशहाचा पुत्र कामबक्ष याने मराठ्यांशी गुप्त बोलणी चालवल्याच्या संशयावरून त्याला त्याच्याच सेनानींनी नजरकैदेत ठेवले, आणि १६९३ च्या आरंभी झुल्फिकारखान वेढा उठवून वांदिवाशला मागे सरला. पुढे तो पुन्हा आला, पुन्हा थांबला. किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज निसटून गेलेले होते आणि १६९८ मध्येच ते विशाळगडावर परतले.

येथे तक्ता भरून घ्यावा. "कोणाला काय हवे होते" या रकान्यात बहुतेक मुले "मोगलांना जिंजी हवी होती" असे लिहितात. त्यांना एकच उपप्रश्न विचारावा: किल्ला हवा होता की किल्ल्यातला राजा? ज्याला हा फरक पटतो त्याला चौथा रकाना भरताना मदतीची गरज पडत नाही.

सावधान. झुल्फिकारखानाने वेढा मुद्दाम लांबवला, असा संशय त्याच काळातील लेखकांनी व्यक्त केला आहे. मोगल नोकरीत असलेला आणि जिंजीच्या मोहिमेत वावरलेला भीमसेन सक्सेना हा त्यांपैकी एक. वर्गात हे सांगावे, पण "संशय" हा शब्द सोडू नये.

### ८. तिसरी तासिका: दोड्डेरी

या तासिकेवर सर्वांत जास्त मेहनत घ्यावी, कारण गनिमी कावा हा शब्द विद्यार्थ्यांनी चौथीपासून ऐकलेला असतो आणि त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात "झाडीत लपून अचानक हल्ला" एवढाच असतो. दोड्डेरीचा परिसर घनदाट जंगलाचा नाही. त्यामुळे तिथे जे घडले ते समजावून घेताना मुलांना झाडी बाजूला ठेवावी लागते आणि वेळ, बातमी आणि पाणी-चारा यांच्याकडे पाहावे लागते.

घटनाक्रम फळ्यावर पायऱ्यांनी लिहावा, आणि प्रत्येक पायरीनंतर थांबून "आता तुम्ही कासिमखान असता तर काय केले असते?" असे विचारावे.

पहिली पायरी: नोव्हेंबर १६९५. शिऱ्याचा मोगल फौजदार कासिमखान संताजींची वाट अडवण्यासाठी निघाला आहे, आणि बादशहाने खानाजादखान वगैरे सरदारांची कुमक त्याच्याकडे पाठवली आहे. दुसरी पायरी: पुढच्या मुक्कामासाठी आघाडीला पाठवलेले तंबू आणि सामान मराठ्यांनी लुटले. तिसरी पायरी: सामान वाचवायला मोगल फौज पुढे धावली, तोच संताजींच्या दुसऱ्या तुकडीने तिला गाठले आणि तिसऱ्या तुकडीने मागे राहिलेल्या छावणीवर हात मारला. चौथी पायरी: फौज दोड्डेरीच्या छोट्या गढीच्या आश्रयाला गेली. पाचवी पायरी: गढीतले धान्य थोड्याच दिवसांत संपले, जनावरांनी छपरांचे गवतही सोडले नाही. कासिमखान तिथेच मरण पावला आणि खानाजादखानाने मोठी खंडणी कबूल करून उरलेल्यांची सुटका करून घेतली.

चौथ्या पायरीवर मुलांना बोलू द्यावे, घाई करू नये. गढीत शिरणे सुरक्षित वाटते आणि बहुतेक सगळे "आत जायचे" असेच म्हणतात. त्यांनी ते म्हणायलाच हवे, तरच पाचवी पायरी ऐकताना त्यांना कळते की किल्ला ही जागा आत धान्य असेल तोपर्यंतच किल्ला असते.

यानंतर दोन-तीन वाक्यांत पुढचा भाग जोडावा: जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणजवळ हिंमतखान हा दुसरा मोगल सरदार संताजींशी लढताना गोळी लागून पडला, आणि जून १६९७ मध्ये संताजींचीच हत्या झाली, तीही नागोजी माने या मराठा सरदाराकडून. ही शेवटची गोष्ट टाळू नये. संताजी-धनाजींमधील बेबनाव आणि सरदारांची इकडून तिकडे होणारी ये-जा सांगितली नाही, तर हे युद्ध इतके लांबण्याचे एक मोठे कारण हरवते.

सावधान. नागोजी माने, गणोजी शिर्के, सूर्याजी पिसाळ ही नावे घेताना वर्गाकडे नीट पाहावे. त्या आडनावाचा विद्यार्थी समोर बसलेला असतो आणि मधल्या सुट्टीत त्याला "फितूर" म्हणून चिडवले जाते; हे मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहे. फितुरीच्या यांतील काही कथांना समकालीन आधार भक्कम नाही. ज्यांना आहे, त्या सांगताना वतनाचा मुद्दा सोबत सांगावा: औरंगजेब मनसब (लष्करी हुद्दा) आणि वतने (वंशपरंपरागत हक्क) देऊ करत होता, राजाराम महाराजांनीही वतनाच्या सनदा दिल्या, आणि सरदारांची घराणी दोन्हींकडे पाहून निर्णय घेत होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा निर्णय आजच्या आडनावाला चिकटवता येत नाही, हे स्पष्ट शब्दांत बोलावे.

याच ठिकाणी दुसरीही खबरदारी घ्यावी. "हिंदू विरुद्ध मुसलमान" असे दोन गट वर्गात आपोआप पडतात. दलपत बुंदेला हा राजपूत सरदार झुल्फिकारखानासोबत जिंजीत लढत होता आणि मोगल छावणीत मराठा व राजपूत मनसबदार होते, एवढी माहिती वेळेवर दिली की गट पुन्हा "मोगल" आणि "मराठे" असे योग्य नावांनी उभे राहतात.

### ९. चौथी तासिका: साताऱ्याचा वेढा, चिंचोक्यांनी

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याखाली येऊन बसला आणि एप्रिल १७०० मध्ये गड त्याच्या ताब्यात आला. हा काळ साधारण साडेचार महिन्यांचा आहे, म्हणून पंधरा दिवसांची एक अशा नऊ फेऱ्या खेळवाव्यात. चिंचोक्यांचे आकडे खेळापुरते आहेत, ऐतिहासिक नाहीत, हे खेळाआधी आणि खेळानंतर असे दोनदा सांगावे.

मोगल गटाला ८५ चिंचोके द्यावेत, गडावरच्या गटाला २०. मोगल गट प्रत्येक फेरीत माणसे व जनावरांसाठी ५ आणि मोर्चे, तोफा व सुरुंगांसाठी २ चिंचोके खर्च करील. गडावरचा गट प्रत्येक फेरीत २. तिसरा छोटा गट बाहेर फिरणाऱ्या मराठी तुकड्यांचा. त्याने प्रत्येक फेरीत एक चिठ्ठी उचलायची. नऊ चिठ्ठ्यांपैकी चारवर "रसद कापली" असे लिहिलेले असावे आणि ती निघाली की मोगल गटाने आणखी ३ चिंचोके द्यायचे. उचललेली चिठ्ठी परत टाकायची नाही.

सहाव्या फेरीत शिक्षकाने जाहीर करावे की सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आहे (मार्च १७००), आणि गडावरच्या गटाला विचारावे, लढत राहायचे की गड सोडायचा? उत्तर काहीही आले तरी खेळ पुढे चालू ठेवावा. नवव्या फेरीत सुरुंग उडवावेत. प्रत्यक्षात पहिल्या सुरुंगाने गडावरची माणसे दगावली, किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली सापडूनही वाचले. दुसऱ्या सुरुंगाने मात्र तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दबा धरून बसलेले मोगल सैनिक मोठ्या संख्येने त्याखाली गाडले गेले. म्हणून गडाने १ आणि मोगलांनी ५ चिंचोके द्यायचे.

आता मोजणी करावी. मोगलांकडे ५ उरतात, गडाकडे १. गड बोलणी करून खाली उतरतो, औरंगजेब त्याला आझमतारा असे नाव देतो. वर्ग टाळ्या वाजवायच्या किंवा हळहळायच्या बेतात असतो, तेवढ्यात मोगल गटाला सांगावे की उद्यापासून परळीचा, म्हणजे सज्जनगडाचा वेढा सुरू, चिंचोके काढा. त्या क्षणी वर्गात होणारी शांतता माझ्या अनुभवात या संपूर्ण घटकातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही व्याख्यानाने साधत नाही.

तपासणी. दोन प्रश्न तोंडी विचारावेत. नशीब चिठ्ठ्यांवर होते तरी शेवटचा आकडा प्रत्येक वर्गात तोच का येतो? (सर्व चिठ्ठ्या उचलल्या जातात, बदलतो तो फक्त क्रम.) आणि बाहेरचा गट नसता तर मोगलांकडे किती उरले असते? (१७.) दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न येणाऱ्या मुलांना खेळ आवडलेला असतो, कळलेला नसतो.

नेहमीची चूक. वेळ वाचवण्यासाठी फेऱ्या नऊवरून चारवर आणल्या जातात. मग खर्च हळूहळू अंगावर येतो ही जाणीवच होत नाही. वेळ कमी असेल तर पुढचा विशाळगडाचा टप्पा घरी सोडवायला द्यावा. फेऱ्या कमी करू नयेत.

### १०. पाचवी तासिका: विशाळगड आणि परतीची वाट

विशाळगडाला वेढा १७०१ च्या अखेरीस पडला आणि जून १७०२ मध्ये मराठ्यांच्या बाजूने गड लढवणारे परशुराम त्रिंबक यांनी पैसे घेऊन गड मोगलांच्या हवाली केला. त्या वेळी पाऊस सुरू झालेला होता. मोगल फौज पन्हाळ्याकडे परतायला निघाली, ओढे-नद्यांना पूर आला, ओझ्याची जनावरे वाहून गेली, माणसे उपाशी राहिली, आणि पन्हाळ्याजवळ पोहोचायला महिन्याहून अधिक काळ लागला.

नकाशावर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर आहे. ही वाट विद्यार्थ्यांच्या ओळखीची आहे. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे याच मुलखातून, अशाच पावसात, एका रात्रीत निघून गेले होते आणि बाजीप्रभूंनी खिंड अडवली होती. दोन्ही प्रवास फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत आणि विद्यार्थ्यांनी फरकाची कारणे स्वतः शोधावीत: सोबत किती माणसे, किती ओझे, तोफा होत्या की नव्हत्या, वाट दाखवणारा कोण, वाटेतली गावे कोणाची. एवढी कारणे त्यांची त्यांना सुचतात. हत्ती, बाजारबुणगे, तंबू आणि खजिना घेऊन चालणारी छावणी म्हणजे चालते शहरच होते, हे शिक्षकाने शेवटी सांगावे.

तक्त्याच्या चौथ्या रकान्यात या मोहिमेपुढे काय लिहायचे यावर वाद होऊ द्यावा. "परशुराम त्रिंबकांनी गड विकला, म्हणजे ते फितूर" असे म्हणणारा विद्यार्थी असतोच. पावसाच्या तोंडापर्यंत गड झुंजवायचा, मग किंमत वसूल करून सोडायचा आणि संधी मिळताच परत घ्यायचा, हा व्यवहार ताराबाईंच्या काळात अनेक किल्ल्यांबाबत घडला. याच परशुराम त्रिंबकांकडे पुढे प्रतिनिधिपद होते, हे सांगून निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवावा.

### ११. सहावी तासिका: कथा, पुरावा आणि लेखी काम

पहिली दहा मिनिटे एका प्रसिद्ध वाक्याला द्यावीत: मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत. मुलांनी तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात: हे शब्दशः घडणे शक्य आहे का, असे कोणी का म्हटले असेल, आणि या वाक्यावरून दोड्डेरीविषयी आपल्याला काही कळते का. दंतकथा वर्गाबाहेर हाकलण्याची गरज नाही. तिला तिच्या रकान्यात बसवले की पुरते.

"स्वातंत्र्ययुद्ध" हा शब्दही तपासून घ्यावा. या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या लढ्याला हे नाव नंतरच्या इतिहासकारांनी दिले आहे. लढणाऱ्यांपैकी कोणी राज्यासाठी लढत होता, कोणी धन्यासाठी, कोणी वतनासाठी, आणि कोणी आपल्या गावावरून फौज जाऊ नये म्हणून. १८५७ किंवा १९४७ चा अर्थ मुले नकळत मागे नेतात, म्हणून ही दोन मिनिटे खर्च करणे योग्य आहे.

उरलेल्या वेळात लेखी उत्तर घ्यावे. भिंतीवरचा प्रश्न पंधरा ओळींत लिहायचा, किमान दोन लढायांचा उल्लेख करायचा आणि प्रत्येक उल्लेखापुढे "यामुळे" हा शब्द आलाच पाहिजे, एवढ्याच अटी. गुण देताना सनावळीला दोन, नकाशावरील स्थानाला दोन आणि "यामुळे" नंतर आलेल्या कारणाला सहा द्यावेत. गुणांची ही विभागणी आधी सांगावी. नाहीतर पाठांतर करून आलेला विद्यार्थी आपली फसवणूक झाली असे मानतो, आणि त्याचे म्हणणे चूक नसते.

उत्तरांत तीन दोष हमखास दिसतील. "मराठे शूर होते म्हणून" असे लिहिणाऱ्याला शूरपणा नाकारायचा नाही, पण कासिमखानाचे सैनिक भित्रे होते का, असे समासात लिहून उत्तर परत द्यावे. "औरंगजेब म्हातारा झाला होता" हे अर्धे उत्तर आहे. त्याला साताऱ्याच्या चिंचोक्यांकडे वळवावे. तिसरा दोष सर्वांत सामान्य आहे: १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मरण पावला आणि युद्ध संपले, इतकेच लिहिलेले असते. अशा विद्यार्थ्याला विचारावे की १७०० मध्ये मोगलांनी घेतलेल्या साताऱ्यातच १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक कसा झाला. मग त्याने पहिल्या तासिकेत फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली "दोन-तीन वर्षे" आणि आपल्या नकाशावरचे दोन दोरे पुन्हा पाहून ते उत्तर दुरुस्त करून आणावे.